शेवंतीची झोपमोड

माझ्या माळीकामातली सगळ्यात मोठी चूक साठ वॅटची होती. बाकीच्या चुका कात्रीच्या, खताच्या, पाण्याच्या. त्या झाडांनी सोसल्या आणि मालक विसरले. ही एकच अशी, जी मी स्टुलावर चढून, वायर ओढून, खिळे ठोकून स्वतःच्या हातानं टांगली आणि खाली उतरून शाबासकीची वाट पाहत उभाही राहिलो.

शाबासकी मिळाली. "चांगलं डोकं चालवलंस, देवीदास," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे यवतमाळातल्या एका मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणाला तोंडावर 'चांगलं' म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यामुळे घरी जाऊन मी ती गोष्ट बायकोला दोनदा सांगितली.

झालं असं होतं, की गणपतीच्या सुमारास बाईंच्या गल्लीतून कुंड्या चोरीला जायला लागल्या. फुलं नेणारे पूर्वीपासून होतेच. सकाळी फिरायला निघतात, हातात प्लॅस्टिकची पिशवी असते, आणि देवाचं नाव घेत दुसऱ्याचं कुंपण हलकं करत जातात. त्यांना चोर म्हणायची पद्धत नाही. पण अख्खी कुंडी उचलून नेणं नवीन होतं. बाईंच्या अंगणात शेवंतीच्या बारा कुंड्या होत्या आणि घरात मुलानं पुण्याहून येऊन बसवून दिलेला इन्व्हर्टर होता. त्या वर्षांत आमच्याकडे लोडशेडिंग असं, की लाइट गेल्याचं कोणाला कळायचं नाही, आल्यावरच आरडाओरडा व्हायचा. मी म्हटलं, "बाई, इन्व्हर्टर हायच ना आपल्याकडे. कुंड्यांवर एक बल्ब लावून टाकू. रातभर जळू द्या. उजेडात कोण येते चोरी कराले?"

बल्ब लागला. सगळी गल्ली काळोखात आणि तेवढं एक अंगण लखलखीत. लोक पत्ता सांगताना 'त्या बल्बच्या घरापासून तिसरं' असं सांगायला लागले. कुंडी एकही गेली नाही. मी खूश, बाई खूश. शेवंतीला कोणी विचारलं नाही.

माळी म्हटलं की लोकांना पावसाळा आठवतो. पावसाळ्यात माळ्याला काही काम नसतं हो. पावसाळ्यात काठी रोवली तरी फुटते, आणि श्रेय माळ्याला मिळतं. खरी परीक्षा दसऱ्यापासून पुढे. थंडी यायच्या आधीच्या त्या महिना-सव्वा महिन्यात सगळी कामं एकदम अंगावर येतात. गुलाबाची छाटणी तेव्हाच करायची. मालकीणबाई दारात उभ्या राहून "अरे, एवढं कापू नको, एवढं कापू नको" म्हणत असतात आणि आपण कापत राहायचं. तेरडा, झेंडू असलं पावसाळी सगळं उपटून वाफे उघडे करायचे, माती उलटीपालटी करून उन्हात तापू द्यायची. थंडीच्या फुलांची रोपं तयार करायची. सरकीची ढेप, म्हणजे पेंड, माठात भिजत घालायची आणि आठ दिवसांनी ते पाणी झाडांना द्यायचं. त्या पाण्याचा वास असा, की माळी कोणत्या घरी आला आहे हे चार घरं पलीकडे कळतं.

आणि शेवंती. शेवंतीचं काम म्हणजे सोनाराचं काम. ऑगस्टपर्यंत शेंडे खुडत राहायचे, म्हणजे झाड बुटकं आणि डेरेदार होतं. मग खुडणं थांबवायचं. फांद्यांना तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा, आधार द्यायचा. कळ्या धरल्या, की एका काडीवर एकच ठेवायची, बाकीच्या नखानं काढून टाकायच्या. हे शेवटचं काम जिवावर येतं. चांगल्या धडधाकट कळ्या आपण खाली टाकत असतो. पण उरलेली एक मग वाटीएवढी फुलते.

हे मला बाईंच्या यजमानांनी शिकवलं. ते हायस्कुलात गणित शिकवायचे, सगळे त्यांना 'सर' म्हणायचे. मी त्यांच्याकडे लागलो आणि जेमतेम वर्षभरात ते गेले. मी काही पिढीजात माळी नव्हे. घाटंजीकडे आमचं चार एकर कोरडवाहू. मी लावलेला कापूस माझ्यापेक्षा अळीलाच जास्त पसंत पडायचा. त्या वर्षांत आमच्या भागात कापसाचं काय झालं हे सगळ्यांना ठाऊक आहे. कमिट्या येऊन गेल्या, टीव्हीवाले येऊन गेले. त्यावर लिहिण्याइतका मी शहाणा नाही. मी फक्त निघून आलो आणि भाऊ तिथंच राहिला. एवढं एक लिहून ठेवतो. भाऊ दिवाळीला यायचा, मी मागितलेल्या तुराट्यांचा भारा आणायचा आणि विचारायचा, "काहून बे, फुलं खाते का शहरातले लोकं?" मी म्हणायचो, "खात नाई. पण फुलाचा भाव मुंबईले ठरत नाई ना दादा." यावर तो हसायचा, आणि भारा सोडायला लागायचा.

असो. तर बाईंच्या त्या बारा कुंड्या साध्या नव्हत्या. पांढरी शेवंती. सरांनी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून लावलेली. तेव्हा दोघं एका खोलीत राहायचे, फुलं विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून सरांनी डालड्याच्या डब्यांत शेवंती लावली आणि सहा डिसेंबरला दोघांनी ती विहारात नेऊन वाहिली. तेव्हापासून दरसाल सहा डिसेंबरला विहारात जाणारी बाईंची परडी घरच्याच शेवंतीची. सर गेल्यावरही त्यात खंड पडला नव्हता. मी एकदा सहज म्हटलं होतं, की बाई, मार्केटात नागपूरची फुलं ढिगानं येतात. त्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाजारची फुलं बाजार वाहील, देवीदास. आपण आपली वाहायची."

आता शेजारी. बाईंच्या भिंतीला भिंत लागून नायबसाहेबांचं घर. निवृत्त नायब तहसीलदार. त्यांच्याही अंगणात मीच माळी. साहेबांच्या शेवंतीच्या कुंड्या चोवीस, आणि प्रत्येकीवर पांढऱ्या ऑइल पेंटनं नंबर. सकाळी चहा घेऊन ते रांगेवरून फिरायचे. "देवीदास, चौदा नंबर आज सुस्त दिसून राह्यला." "सात नंबरले ऊन कमी पडते का बे?" नावाच्या माणसांपेक्षा नंबरच्या कुंड्यांवर त्यांचा जीव जास्त होता.

बाई आणि साहेब एकमेकांशी बोलत नसत. दोन वर्षांपूर्वी बाईंच्या शेवग्याची एक फांदी भिंतीवरून पलीकडे गेली. दुसरा कोणी शेजारी असता तर त्यानं हाक मारून सांगितलं असतं. पण साहेबांनी रीतसर नोटीस पाठवली, वर जावक क्रमांकासकट. बाईंनी ती लाल शाईनं तपासली, सतरा चुका काढल्या, खाली सही केली आणि परत पाठवली. तेव्हापासून अबोला. निरोपाची ने-आण माझ्याकडे. मी दोन्हीकडचे निरोप वाटेत धुऊन, वाळवून, इस्त्री करून पोचवायचो.

दिवाळी झाली. साहेबांच्या चोवीसही कुंड्यांवर कळ्या लागल्या, हरभऱ्याएवढ्या, मग वाटाण्याएवढ्या. बाईंच्या बारा कुंड्या नुसत्या पाल्यानं फुगलेल्या. हिरव्यागार, तरतरीत, पण कळीचं नाव नाही.

"देवीदास, कळ्या कुठे आहेत?"

"येतील ना बाई. यंदा थंडी उशिरा हाय."

"भिंतीच्या पलीकडे वेळेवर आली वाटतं?"

मी घाबरलो. घाबरलेला माळी खत देतो. मी ढेपेचं पाणी दुप्पट केलं. झाडं आणखी हिरवी झाली आणि गल्ली नाकाला पदर लावून चालायला लागली. साहेबांनी दुर्गंधीबाबत दुसरी नोटीस काढली. बाईंनी ती तपासून परत पाठवली. "या वेळी नऊच चुका आहेत. सुधारणा आहे म्हणावं," असा निरोप दिला. तो मी इस्त्री करायलाही घेतला नाही, तसाच गिळून टाकला.

शेवटी नोव्हेंबर अर्धा उलटल्यावर मी दारव्हा रोडवरच्या चाचांकडे गेलो. चाचांची नर्सरी तिथं फार वर्षांपासून. यवतमाळातल्या अर्ध्या अंगणांतली झाडं त्यांच्या हातची. मी सगळं सांगितलं. पाणी किती, खत किती, ऊन किती. चाचा बिडी ओढत ऐकत होते. मग म्हणाले, "नवीन काय केलं या साली?"

"काई नाई चाचा. फक्त चोरासाठी एक बल्ब लावला कुंड्यांवर."

चाचांनी बिडी खाली टाकली. "रातभर जळते?"

"हो. इन्व्हर्टर हाय ना."

"अबे, शेवंतीले अंधार लागते! रात लंबी होते तवा तिले समजते, की आता थंडी आली, कली काढा. तू उजेड पाडला, तिले वाटून राह्यलं उन्हाळाच चालू हाय. उसकी नींद खराब की तूने, देवीदास. दोन-अडीच महिने सोयी नहीं बेचारी."

"मंग साहेबाकडे कशा आल्या?"

"तुह्या साहेबाकडे लोडशेडिंग हाय. सरकारनं आणल्या त्याच्या कळ्या."

मी तिथंच ओट्यावर बसलो. आणि मला एकदम आठवलं. सर हयात असताना संध्याकाळी अंगणातला दिवा लावूच द्यायचे नाहीत. कोणी लावला तर स्वतः उठून बंद करायचे. मला वाटायचं, गणिताचा माणूस, बिल वाचवतो. एकदा मी तसं बायकोला हसून सांगितलंही होतं. सरांनी मला हाताला धरून सगळं शिकवलं, आणि जे ते रोज माझ्या डोळ्यांदेखत करत होते, तेवढं एकच मी विचारलं नाही.

"आता बल्ब काढला तर कधी येतीन फुलं?" मी विचारलं.

"जानेवारीत. तवा येतीन मजेत."

बल्ब मी त्याच संध्याकाळी काढला. बाईंना सांगितलं, उडाला. रात्री जेवताना सुमनला, म्हणजे बायकोला, सगळी हकिकत सांगितली. ती हंगामात कापूस वेचायला जायची. दिवसभर वाकून आल्यावर तिला लांबड लावलेलं आवडत नसे.

"मंग सांगून टाका बाईले," ती म्हणाली. "बल्ब मी लावला, मी चुकलो. पाच शब्द हायेत."

"तुले नाई समजत. त्या बाई हायेत. त्याईच्यासमोर पाच शब्द बोलाले पंधरा दिवस लागते."

"लागू द्या. सहा तारखेले अजून लय दिवस हायेत."

मी ते पाच शब्द बोललो नाही. त्याऐवजी सहा झाडं हलवायचं ठरवलं.

बेत असा. महिन्याच्या सुरुवातीला बाई आणि साहेब दोघंही पेन्शनसाठी एकाच बँकेत जात. एकाच रांगेत उभे राहत, एकमेकांना न ओळखता. तीन तास नक्की. साहेबांच्या मिसेस लेकीच्या बाळंतपणासाठी वर्ध्याला गेलेल्या. म्हणजे दोन्ही अंगणं मोकळी. साहेबांच्या कुंड्यांवर नंबर, म्हणून कुंड्या हलवणं शक्य नव्हतं. पण झाडावर काही नंबर नव्हता. कुंडी उलटी करायची, काठ पायरीवर हलकेच आपटायचा, की झाड मातीच्या गड्ड्यासकट हातात येतं. मागच्या रांगेतल्या एकोणीस ते चोवीस नंबरांतली सहा कळीवाली झाडं बाईंच्या कुंड्यांत आणि बाईंची सहा पाल्याची झाडं साहेबांच्या कुंड्यांत. साहेब विचारतील तेव्हा म्हणायचं, मागच्या रांगेला ऊन कमी पडतं.

दिवसाढवळ्या, साडेअकरा वाजता, मी भिंतीवरून झाडं इकडची तिकडे केली. जाणारे-येणारे बघत होते. एकानं थांबून "काय देवीदास, थंडीची तयारी?" असं विचारलंही. मी म्हटलं, हो. माळ्याच्या हातात झाड असलं की कोणाला संशय येत नाही. हा आमच्या धंद्याचा मोठा फायदा आहे. सगळ्यांना पाणी दिलं, अंगण झाडलं, आणि बाई यायच्या आत सायकलवर बसलो. खोटं कशाला बोलू, वाटेत शीळ घालत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडलं, तर बाई कुंड्यांसमोर खुर्ची टाकून बसलेल्या.

"ये, देवीदास. काल इथं काय होतं?"

"शेवंती, बाई."

"आज काय आहे?"

"शेवंतीच."

"काल सकाळी यावर एक कळी नव्हती. आज बोराएवढ्या आहेत. एका रात्रीत?"

"थंडी पडली ना बाई काल. मी म्हनलंच होतं, थंडी पडली की..."

"थंडी फक्त सहाच कुंड्यांवर पडली का?"

मी झाडू घ्यायला वळलो.

"हात पुढे कर."

चाळिशीला आलेला माणूस मी, दोन लेकरांचा बाप. पण त्या आवाजात काय होतं कोण जाणे, दोन्ही हात पुढे गेले. तळवेसुद्धा वर केले. बाईंनी मारलं नाही. नुसतं बघितलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे गेल्यावर पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, यंदा काही येणार नाही. तू आणलीस. मी कोणाला म्हटलं नाही, पण मला फार बरं वाटलं होतं. आता यंदा आली नाहीत, तर आली नाहीत. मी रिकाम्या हातानं जाऊन नमस्कार करून येईन. पण चोरीचं फूल मी तिथं नेणार नाही. ही जिथून आणलीस तिथं आत्ताच्या आत्ता ठेव."

मग मी ते पाच शब्द बोललो. रांगेनं नाही आले. 'चुकलो' आधी आलं, 'बल्ब' शेवटी.

पहिलं झाड उपसून मी भिंतीशी गेलो, तर पलीकडे साहेब. हातात चहा, अंगात स्वेटर.

"देवीदास, एकवीस नंबरची कळी कुठं गेली?" आणि मग माझ्या हाताकडे बघून, "ही काय हाय बे तुह्या हातात?"

पुढचा आवाज गल्लीनं ऐकला. चोरी, विश्वासघात, पोलीस स्टेशन, पंचनामा, सगळं एका दमात. साहेबांनी भिंतीवरून बाईंकडे पाहिलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना उद्देशून बोलले, "तुमच्या सांगण्यावरून झालं का हे, बाई?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला. रागानं नाही. ज्या बाईंनी कधी दुसऱ्याच्या बागेतलं पान तोडलं नाही, त्यांच्यावर त्यांच्याच अंगणात, सगळ्या गल्लीसमोर आळ आला होता. तोही सरांच्या फुलांवरून.

आता इथं मला एक गोष्ट सांगणं भाग आहे, जी मी त्या क्षणापर्यंत सगळ्यांपासून लपवली होती आणि तुमच्यापासूनही लपवत आलो. शेवंतीचं फूल संपलं, की तिच्या बुडाशी नवे फुटवे येतात. फेब्रुवारीत ते सोडवून लावले, की पुढच्या वर्षाची झाडं झाली. एका कुंडीतून दहा-बारा तरी निघतात. बाईंना लागायची बारा. उरलेले फुटवे मालकाला विचारून टाकायचे किंवा द्यायचे, असा नियम आहे. तो कोणताही माळी पाळत नाही आणि कोणताही माळी कबूल करत नाही. तीन वर्षांपूर्वी साहेबांनी मला म्हटलं होतं, "मले अशी शेवंती पाहिजे, की या गल्लीत कोणाकडे नसन." मी म्हटलं, नागपूरहून आणतो. मग भिंतीच्या अलीकडून फुटवे काढले, ओल्या पोत्यात गुंडाळले, सायकलवर एस.टी. स्टँडपर्यंत चक्कर मारली, तिथं चहा घेतला, आणि नागपूरची गाडी लागल्याच्या सुमाराला घामाघूम चेहरा करून साहेबांच्या दारात हजर झालो.

"साहेब," मी म्हटलं, "पोलिसाले बोलवा. पण आधी ऐकून घ्या. ही झाडं नागपूरची नाईत. ही सरांची हायेत. चोवीसच्या चोवीस. मीच नेली होती इथून. बाईले माहीत नाई, तुमाले माहीत नाई. चोरीच म्हणाची तर ती तीन साल जुनी हाय, अन् भिंतीच्या या बाजूची हाय."

साहेबांनी चहाचा कप भिंतीवर ठेवला. एक ते चोवीस रांगेकडे पाहिलं.

"मी पाहुण्यांले सांगत आलो, खास नागपूरची व्हरायटी म्हणून."

"माहीत हाय साहेब. मीच उभा होतो तिथं. मान डोलवत."

बाई भिंतीजवळ आल्या. माझ्या हातातल्या झाडाची एक कळी त्यांनी बोटानं हलकेच वर केली. तिच्यातून पांढरं डोकावायला लागलं होतं. "ह्यांची?" त्यांनी विचारलं. मला वाटतं, त्यांनी ते मला विचारलं नव्हतंच.

साहेब घसा खाकरून कायदा शोधत होते. "जागा माझी. कुंडी माझी. पाणी माझं. आता रोपाचा मूळ धारक जर..." पुढे कलम सापडेना. शेवटी म्हणाले, "असं करा बाई. अर्ज द्या."

"कशाचा?"

"फुलं पाहिजेत असा. साध्या कागदावर चालेल."

मी डोळे मिटून घेतले. ज्या बाईंनी याच माणसाच्या नोटिसा दोनदा तपासल्या, त्या आता काय करतील याचा मला अंदाज होता. माझा अंदाज चुकला. बाई आत गेल्या, कागद घेऊन आल्या आणि भिंतीवर ठेवून लिहिला. दोनच ओळी. साहेबांनी चष्मा लावला, वाचला, उलटून पाहिला. पुन्हा वाचला. मग खिशातलं पेन काढून खाली लिहिलं, 'मंजूर'. सही केली. तारीख टाकली. आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सर माझ्या लेकीले गणित शिकवायचे. फी घेतली नाही कधी. मले तवाच चार शब्द बोलाचे होते, राहून गेले."

सहाही झाडं मी त्याच दिवशी परत आपापल्या कुंड्यांत लावली. सहा तारखेला सकाळी मी लवकर गेलो, तर साहेबांचं अंगण धुतलेलं. साहेब अंघोळ करून पांढरा सदरा घालून उभे. बाई कात्री आणि परडी घेऊन फाटकातून आत आल्या. मी पुढे झालो, तर म्हणाल्या, "तू राहू दे." स्वतःच्या हातानं एकेक फूल कापलं. वाटीएवढी फुलं, दवानं भिजलेली. साहेब मागून कुंडीचा नंबर सांगत होते, त्यांना राहवत नव्हतं. परडी भरली तेव्हा साहेब म्हणाले, "चोवीस नंबर राह्यला." मग आतून दुसरी परडी आली. ती उचलायला माणूस पाहिजे म्हणून साहेब कोपऱ्यापर्यंत बाईंसोबत निघाले. परत आले तेव्हा दहा वाजून गेले होते. मला कोणी चला म्हटलं नाही. दोन्ही अंगणांना पाणी द्यायचं काम होतं, ते मी केलं.

बाईंच्या झोपमोड झालेल्या झाडांना चाचा म्हणाले तसं जानेवारीत फूल आलं. भरभरून आलं. तोवर साहेबांची शेवंती संपली होती, आणि त्यांच्या घरी नातीचं बारसं ठरलं. साहेबांनी बाईंकडे साध्या कागदावर अर्ज पाठवला. बाईंनी तो लाल शाईनं तपासला, चार चुका काढल्या आणि खाली लिहिलं, 'मंजूर'.

पण सहा डिसेंबरच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मी घरी आलो तो हवेत तरंगत. सुमन कापूस वेचून आली होती, पाय शेकत चुलीपुढे बसली होती. मी सगळं रंगवून सांगितलं. बाईंचा अर्ज, साहेबांची सही, दोन परड्या. आपण कसं सगळ्यांसमोर छाती पुढे काढून खरं बोललो, हे जरा जास्तच रंगवलं. म्हटलं, "पाह्य सुमन, मनावरचं ओझं उतरलं. आता कोणापासून काई लपवलेलं नाई."

तिनं पाय आखडून घेतले. दर फेब्रुवारीला ते फुटवे ओल्या पोत्यात गुंडाळून द्यायची ती तीच.

"एका घरचं सांगून आले," ती म्हणाली. "बाकीच्या अकरा घरी बी सरचीच शेवंती फुलून राह्यली. थे कवा सांगता बाईले?"